आत्या ‘झालं’ म्हणेपर्यंत

आमच्या दुकानात आईस्क्रीम खायला जरूर या, पण दुपारी साडेतीन ते चारच्या मध्ये आलात तर थांबावं लागेल. काउंटरमागे माझे बाबा उभे असतील. त्यांच्या पुढ्यात सहाही डबे भरलेले असतील, चमचे धुऊन पालथे ठेवलेले असतील, पण ते तुम्हाला काही वाढणार नाहीत. मागच्या खोलीतून मोटरचा आवाज येत असेल आणि बाबा तो ऐकत असतील. काही लोकांना ही दुकानाची ऐट वाटते. एक गृहस्थ परवा आपल्या पाहुण्यांना कौतुकाने सांगत होते की ताजा डबा निघाल्याशिवाय इथे जुना कुणाला देत नाहीत. बाबांनी ते खोडून काढलं नाही.

मागच्या खोलीत माझी आत्या असते.

दुकान तसं लहानच. रस्त्यावरून दोन पायऱ्या चढायच्या, आत तिघांना पुरेल असं बाक. काउंटरच्या एका बाजूने वर आमच्या घराकडे जिना जातो, दुसऱ्या बाजूने मागे जायला एक बोळकांडी आहे. तिच्यात आईस्क्रीमच्या कोनांची खोकी छतापर्यंत रचलेली असल्यामुळे आडवं होऊनच पुढे जावं लागतं. बोळकांडीच्या टोकाला मशीनची खोली. उंचावर एक खिडकी, खाली मोरी, आणि मधोमध ते मशीन. कमरेएवढं उंच पोलादी पिंप, आतून गुळगुळीत. खालून वर आलेला एक दांडा आणि त्याला एकच रुंद पातं, पिंपाच्या भिंतीला खेटून फिरणारं. दूध, साय आणि साखर उकळून, रात्रभर गार करून आत ओतायची. गार भिंतीवर थर गोठतो, पातं तो खरवडून मधे ढकलतं, पुन्हा नवा थर गोठतो. विसेक मिनिटांत आईस्क्रीम तयार होतं. पण ते विसेक म्हणजे नेमके किती, हे कुणाला सांगता येत नाही. दूध रोज वेगळं असतं, हवा रोज वेगळी असते. अर्धा मिनिट आधी थांबवलं तर खडे राहतात. अर्धा मिनिट उशीर झाला तर लोणी धरतं, आणि खाणाऱ्याच्या टाळूला एक बारीक चिकट थर बसतो.

आत्या घड्याळ बघत नसे. ती ऐकायची. सुरुवातीला नुसती खळखळ. मग ओलं कापड आपटल्यासारखा आवाज. मग घस्स घस्स असं काहीतरी, आणि मग एक क्षण असा यायचा की मोटरचा सूर उतरायचा, अगदी थोडा, बसल्या जागेवरून उठताना म्हातारा माणूस कण्हतो तसा. त्या क्षणी ती झाकण उचलायची. झाकणाखाली एक बटण आहे. झाकण बसलं की ते दाबलं जातं, झाकण उचललं की सुटतं आणि मोटर थांबते. भिंतीवरच्या स्विचला आत्या तेव्हा कधी हात लावत नसे. झाकण हाच तिचा स्विच. झाकण उचलायचं आणि बाहेर ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचं, “झालं.”

आजोबांनी हे मशीन कुणाच्या तरी बंद पडलेल्या दुकानातून आणलं होतं. आत्या एकवीस वर्षांची असताना त्यांचा पाय मोडला. तिचं लग्न तेव्हा ठरत आलं होतं. ती म्हणाली, महिनाभर मी बसते मशीनवर, पुढचं पुढे. तो महिना एकेचाळीस वर्षं चालला. मला ही गोष्ट सांगताना ती हसायची. म्हणायची, “नवरा एवढा वेळेवर बोलला असता की नाही कोण जाणे.”

तिचे हात मोठे आहेत, गार आणि विलक्षण मऊ, सायीत बुडून बुडून तसे झालेले. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते. तेव्हापासून माझ्या वेण्या आत्याने घातल्या. रिबिनीची गाठ मारताना ती टोक दुमडून परत आत खोचायची, त्यामुळे माझी वेणी संध्याकाळपर्यंत सुटत नसे. ताप आला की कपाळावर पट्टी ठेवायची गरज पडायची नाही. ती नुसता हात ठेवायची.

तिचे कान जात होते हे आम्हाला कधी कळलं, ते नक्की सांगता येणार नाही, कारण आम्ही ते कधी बोललोच नाही. बाबांनी तिला मागून हाक मारणं सोडलं. बोलवायचं असलं की ते जमिनीवर टाच आपटायचे. तिच्या पायांना ते कळायचं, आणि वळताना ती अगदी सहज, जणू आपणहून वळल्यासारखी वळायची. जेवताना ती पूर्वीपेक्षा जास्त बोलू लागली. बोलत राहिलं की ऐकावं लागत नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. आमच्या घरात एकमेकांचं उणं दिसलं की नजर वळवायची पद्धत आहे. त्याला आम्ही प्रेम समजत आलो.

मग दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आईस्क्रीम बिघडायला लागलं.

समोर शिंपीकाकांचं दुकान आहे. चार वाजले की मशीनवरून उठून, गळ्यात टेप तसाच ठेवून ते रस्ता ओलांडतात आणि एक कप कॉफीचं आईस्क्रीम खातात. एक दिवस त्यांनी अर्धा कप ठेवून दिला. बाबांनी बघितलं तेव्हा म्हणाले, आज जिभेला काहीतरी चिकटतंय, माझीच जीभ असेल, सकाळपासून पानं चघळतोय. दुसऱ्या दिवशी पान न खाता आले आणि पुन्हा अर्धा कप ठेवला. मग म्हणाले, वय झालं. तिसऱ्या दिवशी ते आलेच नाहीत. दुपारभर मान खाली घालून शिवत बसले.

बाबांनी त्या रात्री उरलेलं सगळं मोरीत ओतलं. आत्या तेव्हा वर झोपायला गेली होती. सकाळी मोरीच्या जाळीवर पांढरा चिवट थर होता. मी दात घासत जिन्यात उभी होते, मला दिसत होतं. आत्या वाकून बराच वेळ त्या जाळीकडे बघत राहिली. मग तिने गरम पाणी आणलं आणि जाळी धुऊन टाकली. कुणी ओतलं, का ओतलं, तिने विचारलं नाही.

त्यानंतर आठवड्याभरात सगळं ठीक झालं. पूर्वीइतकंच मऊ, पूर्वीइतकंच स्वच्छ चवीचं. शिंपीकाका परत आले, कप चाटूनपुसून संपवला आणि म्हणाले, “बघा, माझीच जीभ होती.” बाबा हसले. मीही हसले. जीव भांड्यात पडला होता, कशामुळे ते कुणाला बघायचं नव्हतं.

मी बघितलं ते योगायोगाने. कोनांचं एक खोकं हवं होतं म्हणून बोळकांडीत शिरले. मोटर चालू होती, आणि झाकण भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. क्षणभर मला उमजलंच नाही की या दोन गोष्टी एकत्र कशा असू शकतात. मग बटणावरची दोरी दिसली. बटण दाबून धरून, पिंपाच्या कडेभोवती दोन वेढे देऊन कुणीतरी ती घट्ट बांधली होती. आत्या पिंपावर वाकली होती. पातं तिच्या समोरून जायचं, एका श्वासात एक फेरा. ते पलीकडे गेलं की ती दोन बोटं भिंतीला लावायची, थर चाचपायची आणि पातं फिरून यायच्या आत बोटं बाहेर. पुन्हा. पुन्हा. तिचे ओठ हलत होते. ती मोजत होती.

मी ओरडले नाही. ओरडूनही तिला ऐकू गेलं नसतं, आणि गेलं असतं तर ती दचकली असती. मी खोकं धरून उभी राहिले. तिने शेवटी भिंतीवरचा स्विच बंद केला, “झालं” म्हणाली, वळली आणि मला पाहिलं.

“बघितलंस होय,” ती म्हणाली. “बाबाला सांगू नकोस. तो उगाच घाबरतो.”

मी सरळ बाबांकडे गेले. ते कप लावत होते. मी म्हटलं, आत्या चालू मशीनमध्ये हात घालते.

“हात नाही,” बाबा कपांकडे बघत म्हणाले. “दोन बोटं.”

दोरी त्यांनीच बांधली होती. आत्या त्यांना म्हणाली होती की बदाम टाकताना सारखं थांबावं लागतं, बटण बांधून दे. बदाम आठवड्यातून एकदा लागतात, हे त्यांना माहीत होतं. ते तिलाही माहीत होतं. मी कानाच्या मशीनचं बोलले तेव्हा बाबा म्हणाले, त्यासाठी आधी ऐकू येत नाही असं म्हणायला लागतं, ते कोण म्हणणार? मला राग आला होता. पण मीही वर गेले, पुस्तक उघडलं आणि म्हणाले नाही.

त्यानंतर मी वरच्या खोलीत वाचत बसायचे आणि साडेतीनला माझं वाचन थांबायचं. खालून खळखळ यायची, मग ओलं कापड, मग घस्स घस्स. ओळीवर बोट ठेवून मी वाट बघायचे. सूर उतरायचा. आता. आता. “झालं.” मग पुढची ओळ. माझ्या त्या वर्षीच्या पुस्तकांत जागोजागी एका ओळीखाली नखाची खूण आहे.

यंदा गल्लीत केबल टाकायला खणायला सुरुवात झाली. लाईट जायला लागली. दिवसातून दोनदा, कधी चारदा, कधीही जायची, कधीही यायची. आमच्या गल्लीत समोरच्या बाजूची लाईट आधी येते आणि आमच्या बाजूची नंतर, मिनिटभराने, कधी त्याहून लवकर. शिंपीकाकांचा पंखा फिरायला लागला की बाबा म्हणायचे, आलीच आता आपली.

त्या दुपारी कॉफीचं होतं. मोटरचा आवाज ओल्या कापडापर्यंत पोचला आणि थांबला. पाठोपाठ समोरच्या शिलाई मशीनचाही. गल्ली एकदम ओकीबोकी झाली. मी पाच मिनिटं वाट पाहिली आणि पुस्तक हातात घेऊनच खाली आले. बाबा दोन मुलींना लिंबाचं वाढत होते. डब्यांतलं वितळायच्या आधी जेवढं जाईल तेवढं बरं, असं त्यांचं चाललं होतं. जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून बोळकांडीतून सरळ मागची खोली दिसते.

आत्याने बाही खांद्यापर्यंत सारली होती. पातं थांबलं की आतला थर भिंतीला धरतो आणि पातं त्यात अडकतं. ते सोडवायचं तर पात्याच्या मागून हात घालावा लागतो. तिचा हात कोपराच्याही वर आत होता. गाल पिंपाच्या कडेला टेकलेला, पाठ आमच्याकडे. भिंतीवरचा स्विच चालूच होता. कसा बंद करणार? दोरी बांधण्याआधी एकोणचाळीस वर्षं झाकण उचललं की मशीन थांबायचं, आणि झाकण तर उचललेलंच होतं.

मी “आत्या” म्हणाले. पुन्हा एकदा म्हणाले. मग बोळकांडीत घुसले, आणि माझ्या खांद्याने खोकी कोसळली. हातभर रुंद वाट कोनांनी भरून गेली. मी गुडघ्यांवर होते, खोकी मागे फेकत होते, आणि तेवढ्यात पाठीमागे रस्त्यापलीकडे काहीतरी सुरू झाल्याचं ऐकू आलं. शिंपीकाकांचं मशीन. टकटकटकटक, अगदी आनंदात.

बाबांनीही ते ऐकलं. माझ्या मागे चमचा पडल्याचा आवाज झाला, आणि मग काउंटरमागच्या भिंतीवर लाईटच्या मेन स्विचची दांडी खाली आदळल्याचा.

किती वेळ गेला माहीत नाही. शेजारच्या दुकानातला फ्रीज गुरगुरायला लागला. त्याच्या पलीकडच्या घरात रेडिओ लागला. आमच्या बाजूची लाईट आली होती. आमच्या दुकानात मात्र काही हललं नाही. मी खोक्यांवरून सरपटत पोचले आणि आत्याच्या पाठीला हात लावला. तिने मान वळवून बघितलं, मग सावकाश हात बाहेर काढला. दंडापर्यंत कॉफीच्या रंगाचा, पाचही बोटं जागच्या जागी.

“एवढी धापा का टाकतेस?” ती म्हणाली. मग माझ्या खांद्यावरून तिला समोरच्या दुकानातला दिवा दिसला. “समोर आली की. आपली का नाही?”

बाबा बोळकांडीच्या तोंडाशी उभे होते. एरवी ते आत्याशी बोलताना काहीतरी पुसत असतात, नजर फडक्यावर. या वेळी त्यांच्या हातात काही नव्हतं. ते काहीतरी म्हणाले, पण आवाज फुटला नाही.

“ऐकू नाही आलं,” आत्या म्हणाली. “परत सांग.”

हे शब्द तिच्या तोंडून मी त्याआधी कधी ऐकले नव्हते. बाबा खोकी तुडवत तिच्या समोर आले, इतके जवळ की त्यांचे ओठ तिला नीट दिसावेत.

“मी बंद केली, ताई. तुझा हात आत होता. लाईट आलेली तुला ऐकू येत नाही.”

आत्याने पंचा घेतला आणि एकेक बोट वेगळं धरून पुसलं. करंगळीपर्यंत आल्यावर म्हणाली, “एवढं सांगायला दोन वर्षं लागली तुला?”

“आणि तुला?” बाबा म्हणाले.

खोकी कापायच्या सुरीने त्यांनी दोरी कापली. त्या संध्याकाळी दुकान बंद ठेवलं. आम्ही तिघं पायऱ्यांवर बसून वाडग्यांतून कॉफीचं वितळलेलं आईस्क्रीम प्यायलो, आणि शिंपीकाका रस्त्यापलीकडून विचारत राहिले की आज काय मेजवानी आहे. मला वाटलं, संपलं. एकदा तोंडातून निघालं की अशी गोष्ट संपते, असं मला तेव्हा वाटत होतं.

कानाचं मशीन आणलं. आत्याने ते आठ दिवस घातलं. जेवणाच्या टेबलाशी ते बरं चालायचं, पण मोटरचा सूर त्यातून पत्र्यासारखा यायचा, सगळा एकसारखा. चढ नाही, उतार नाही. मग मी तिच्याशेजारी उभी राहून ऐकायला लागले. दोन वर्षं वरून ऐकलेला तो क्षण मला पाठ असेल असं वाटलं होतं. वरून तो ओळखता यायचा, कारण पाठोपाठ “झालं” यायचं. आता ते मला म्हणायचं होतं. पहिल्या दिवशी खडे राहिले, दुसऱ्या दिवशी लोणी धरलं, तिसऱ्या दिवशीही. आत्या चमचाभर चाखून बघायची आणि म्हणायची, छान आहे गं, तू आता अभ्यासाचं बघ. शिंपीकाका अर्धा कप ठेवून म्हणाले, माझीच जीभ.

चौथ्या दिवशी सकाळी मी मशीन पुसायला गेले तर बटणावर दोरी होती. कडेभोवती दोन वेढे, आणि गाठीचं टोक दुमडून परत आत खोचलेलं. ही गाठ संध्याकाळपर्यंत सुटत नाही.

बाबा माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी गाठ पाहिली. वर आत्याच्या पावलांचा आवाज होता, ती खाली यायच्या तयारीत होती. सुरी बोळकांडीतल्या खोक्यावर होती, हाताच्या अंतरावर. मी बाबांकडे बघितलं. ते मागे वळले, काउंटरमागे गेले आणि मेनच्या दांडीखाली स्टूल ओढून घेतलं. मग त्यावर न बसता उभेच राहिले, किती उंचीवर हात ठेवला तर दुखणार नाही, ते बघत.

म्हणून साडेतीन ते चार थांबावं लागतं. त्या अर्ध्या तासात बाबांचा उजवा हात दांडीवर असतो आणि ते समोरच्या दुकानाकडे बघत असतात, पंखा फिरतोय की थांबलाय. शिंपीकाकांना आम्ही काही सांगितलेलं नाही. ते तरी त्या वेळात हल्ली शिवत नाहीत. पंख्याखाली हात मांडीवर ठेवून आमच्याकडे बघत बसतात, जणू गिऱ्हाइकाची वाट बघताहेत. खणकाम अजून कोपऱ्यापर्यंतही पोचलेलं नाही.

मी वर असते. काल खळखळ झाली, ओलं कापड झालं, घस्स घस्स झालं आणि सूर उतरला. मी बोट ओळीवर ठेवलं. “झालं” आलं नाही. मी मोजायला लागले. खाली कुणी बोलत नव्हतं, कप वाजत नव्हते, दांडीचाही आवाज नव्हता. सात. आठ. पातं फिरतच होतं. नऊ, दहा. मी खुर्ची मागे सारली.

अकराला आत्या म्हणाली, “झालं.”

आईस्क्रीम कसं झालं होतं विचाराल, तर उत्तम. शिंपीकाकांनी कप चाटूनपुसून संपवला. बाबांची बोटं मात्र लगेच उघडत नव्हती. त्यांनी डाव्या हाताने ती एकेक करून दांडीवरून सोडवली.